विचारलं तेवढंच

"पान अकरा, ओळ चौथी, शब्द दुसरा. काकू, लवकर सांगा, पोरं दरवाजात खोळंबलीत."

मी क्षणभर डोळे मिटले. पान समोर आलं. "उंबरठा," मी म्हटलं.

पलीकडे कुणीतरी तो शब्द टाइप केला असणार. दहा-बारा मुलांचा गलका फोनमधून कानावर आला आणि रणवरे सरांनी घाईघाईने फोन ठेवला. दरवाजा उघडला होता.

मी वळले तर मागे रेवती उभी. हातात चहाचे दोन कप. एक तिने माझ्यापुढे ठेवला. "फलटणचे ना?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती गालात हसली आणि आपल्या टेबलाकडे गेली. श्रावणातला सोमवार होता. मला उपास होता, पण चहा चालत होता, हे तिला ठाऊक होतं.

ही गोष्ट कऱ्हाडची, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची. श्रीनिवास हुपरीकरांचा तिथे छापखाना होता. मुलांची गोष्टींची पुस्तकं, स्वाध्यायमाला, चित्रांच्या वह्या असं ते छापायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझे यजमान त्यांच्याकडे जुळारी होते, छपाईचे खिळे जुळवायचे. ते गेल्यावर अण्णांनी मला बोलावून घेतलं. मुद्रितं तपासणं, पार्सलं बांधणं आणि फोन घेणं ही तीन कामं माझी. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तसं अण्णांच्या मनाने घेतलं, की मराठी मुलांना मराठीतला खेळ पाहिजे. इंजिनिअर होऊन नुकतीच घरी आलेली रेवती खटावकर त्यांनी कामावर घेतली, तिला पुढची उजेडाची खोली दिली, आणि वर्षभरात त्या पोरीने 'वाघजाईचा गड' नावाचा खेळ तयार केला. खेळणाऱ्याने गड चढायचा. वाटेत नऊ दरवाजे. प्रत्येक दरवाजात एक मिशाळ पहारेकरी भाला आडवा धरून परवलीचा शब्द विचारायचा.

तो शब्द सीडीबरोबरच्या पुस्तिकेत असायचा. पुस्तिकेत गडाची गोष्ट होती आणि पहारेकरी पान, ओळ, शब्द सांगून त्यातलाच कुठला तरी विचारायचा. पुस्तिका नसेल तर पहिल्या दरवाजातच खेळ संपला. हे कुलूप अण्णांच्या डोक्यातून निघालेलं, छापखानेवाल्याचं. पुस्तिका त्यांनी काळपट लाल कागदावर काळ्या शाईत छापली. झेरॉक्स काढायला गेलं की पान नुसतं काळं येई. वाचायलाही ती अवघडच होती. मुलं खिडकीशी नेऊन वाचायची आणि आईबाप चष्मा लावून आम्हाला दूषणं द्यायचे. पण अण्णांना त्या कागदाचं फार कौतुक.

मला मात्र कागद लागायचा नाही. तीनदा मुद्रितं तपासली होती, आणि रोज पोथीचा अध्याय म्हणणाऱ्या माणसाला चाळीस पानं पाठ व्हायला कितीसा वेळ लागतो? लोकांचे फोन येऊ लागले. पुस्तिका उंदराने कुरतडली. धाकट्याने तिच्या होड्या केल्या. मी शब्द सांगायची. मग असेही फोन येऊ लागले, की पुस्तिका कुठे ठेवली ते आठवत नाही. आवाजावरून कळायचं, की पुस्तिका या घरात आलेलीच नाही. तरी मी सांगायची.

सासूबाईंनी लग्नानंतर मला दोन नेम दिले होते. सकाळी संगमावर जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, आणि मागणाऱ्याला विन्मुख पाठवायचं नाही. त्या स्वतः उपाशी राहून दारच्याला वाढत. माझ्या दारी कुणी पीठ मागायला येत नव्हतं. शब्द मागायला येत होते.

अण्णांचा हुकूम होता, की अगोदर विकत घेतल्याची पावती विचारायची आणि मगच शब्द सांगायचा. मी पावती विचारत नव्हते. रेवतीला हे माहीत होतं. अण्णांना नव्हतं.

फलटणच्या रणवरे सरांचं प्रकरण तर उघडच होतं. त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास. कुणाकडून तरी मिळालेली एक सीडी त्यांनी दहाच्या दहा मशीनवर चढवली होती. पाच वाजता क्लास सुरू झाला की फोन यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी काहीतरी सबब सांगितली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काकू, खोटं नाही बोलत, आमची सीडी नकलेची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उद्यापासून फोन करणार नाही." मी म्हटलं, "कितवं पान?"

त्या वर्षीच्या चातुर्मासात मी आणखी एक नेम धरला होता. आधी एका वर्षी वांगं सोडलं होतं, एका वर्षी पानावर जेवले होते. त्या वर्षी ठरवलं, की विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर तेवढंच, पण खरं सांगायचं. जिभेचा उपास. बायका हसायच्या, म्हणायच्या, तू आधीच कुठे बोलतेस? पण न बोलणाऱ्यालाही बोलावंसं किती वाटतं ते नेम धरल्यावर कळतं.

रेवतीचा दुसरा खेळ त्याच श्रावणात पुरा झाला. 'नदीपलीकडे' त्याचं नाव. नदी ओलांडत जायचं, होडी बांधायची, नावाड्याच्या मुलीला घरी पोचवायचं. पहिल्यापेक्षा कितीतरी सुरेख. आणि त्याला कुलूप नव्हतं. सीडी घाला आणि खेळायला लागा. त्यासाठी ती दोन महिने अण्णांच्या मागे होती. शब्दांची यादी कुणीतरी हाताने लिहून काढली होती आणि ती साताऱ्यात फिरत होती. ती तिने मिळवून अण्णांपुढे ठेवली. म्हणाली, ज्याने नक्कल केली त्याला कुलपाचा काही त्रास नाही अण्णा, त्याच्याकडे यादी आहे. ज्याने विकत घेतलं तोच खिडकीशी उभा राहून लाल कागद वाचतोय.

अण्णांना पटायचं. संध्याकाळपर्यंत पटलेलं असायचं, सकाळी पुन्हा शंका यायची.

त्यांचीही बाजू होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी पाचवीची गणितमाला काढली होती. कुणीतरी तिची हुबेहूब नक्कल काढून एसटी स्टँडबाहेर विकायला मांडली. ते एक वेळ अण्णांनी सोसलं असतं. पण एक पालक तीच नक्कल घेऊन छापखान्यात आले, अण्णांच्या टेबलावर आपटली आणि उत्तर चुकलंय म्हणून चारचौघांत भांडले. नकलेत आकडा पुसट उठला होता. अण्णांनी माफी मागितली. ते गेल्यावर बराच वेळ नुसते बसून राहिले. तेव्हापासून छापायला काहीही आलं की ते आधी हे कसं चोरीला जाईल ते बघायचे.

त्या सोमवारी, मी चहा संपवते आहे तोच अण्णांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. बुधवारी सीडी पुण्याला घैसासांकडे जायची होती. घैसास म्हणजे आमचा माल राज्यभर दुकानांत पोचवणारा माणूस. अण्णा त्यांच्याशीच फोनवर बोलत होते. आम्हाला नुसतं "हो", "बरोबर", "समजलं" ऐकू येत होतं. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला. खूप थकलेले दिसले. त्या दिवसांत ते नेहमीच थकलेले असत.

घैसासांचं म्हणणं त्यांनी सांगितलं. दुकानदार खोका हातात घेतो आणि गोष्ट काय, चित्रं कशी, काही विचारत नाही. पहिला प्रश्न, कुलूप आहे का? कुलूप नसेल तर शेजारचा दुकानदार एक नेतो आणि वीस काढतो. त्यामुळे बिनकुलपाचा खेळ समोरच्या फळीवर लावायला कुणी तयार नाही. आता पुण्यात नवीन कुलूप मिळतं. पडद्यावर एक आकडा येतो. तो फोनवर कळवायचा, इथलं मशीन दुसरा आकडा देतं आणि तो घातला की खेळ उघडतो. एका सीडीला एकच कॉम्प्युटर.

"गंमत बघ," अण्णा रेवतीला म्हणाले, "जो दुकानदार हे विचारतो ना, तोच मागच्या खोलीत नकला काढतो. म्हणून तर त्याला सुचतं."

रेवती म्हणाली, "मग त्याच्यासाठी आपण का कुलूप घालायचं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "कुलपाने चोर अडत नाही, हे मला कळत नाही का? पण दार उघडं टाकून गावाला गेलेल्या माणसाकडे चोरी झाली, तर गाव चोराला नाही हसत. त्याला हसतं. एकदा हसून झालंय मला. पुन्हा नको वाटतं."

 रेवतीने नुसतं सांगितलं, की हा खेळ मी मुलांच्या हातात मोकळा जावा म्हणून केलाय. त्याला असलं कुलूप घालायचं असेल तर मी घालून देईन, काम अर्धवट टाकणार नाही. पण नंतर मी इथे राहीन असं वाटत नाही. पुण्याहून तिला बोलावणं होतं, ते आम्हाला माहीत होतं. रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली.

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"गुळवणीबाई, आमच्या दोघांच्याही अंदाजाच्या गोष्टी. वर्षभर फोनवर तुम्ही बसलात. तुम्ही खोटं बोलत नाही, सगळं कऱ्हाड जाणतं. तुम्ही सांगाल तसं करू. मला एवढंच सांगा, शब्द विचारायला जे फोन करतात, त्यांतल्या दहातल्या किती जणांनी खेळ विकत घेतलेला असतो?"

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काळजी नव्हती. सुटल्यासारखी दिसली. तिला वाटलं, आता काकू फोनवरचं सगळं सांगतील.

"तीन," मी म्हणाले.

अण्णांनी मान खाली घातली. रेवती माझ्याकडे बघतच राहिली.  मी पदर सावरून उभी होते. विचारलं तेवढं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

"तीन," अण्णा पुन्हा म्हणाले. "दहातले तीन." मग फोन उचलून त्यांनी घैसासांचा नंबर फिरवला.

मी बाहेर आले आणि पार्सलांच्या दोरीची गाठ सोडत बसले. ती गाठ सोडायची काही गरज नव्हती. रेवती माझ्यामागून आली. माझ्यापुढे उभी राहिली.

"काकू, एवढंच होतं सांगायला?"

मी दोरीकडे बघत म्हटलं, "अण्णांनी एवढंच विचारलं."

 ती रिकामे कप उचलून निघून गेली.

बुधवारचं पाठवणं लांबलं. नवं कुलूप तिनेच बसवलं. चार दिवस मान वर न करता काम केलं आणि मला ते मशीन कसं चालवायचं तेही नीट, न कंटाळता शिकवलं. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन नमस्कार केला आणि पुण्याला गेली. नमस्कार करताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले नाही. कार्तिकी एकादशी अजून व्हायची होती, नेम चालू होता.

'नदीपलीकडे' बाजारात आल्यावर माझं काम सोपं झालं. लोक आकडा सांगायचे, मी तो मशीनमध्ये घालायची आणि मशीन देईल तो आकडा वाचून दाखवायची. पाठ करायला काही नव्हतं. एका सीडीवर दुसऱ्यांदा आकडा मागितला की मशीन लाल पट्टी दाखवायचं. कॉम्प्युटर बिघडलेले, बदललेले, खरोखर विकत घेतलेले लोक कळवळून बोलायचे. मी त्यांना पत्र लिहायला सांगायची. दिवसाला चार-पाच माणसं विन्मुख पाठवायची मला सवय झाली.

रणवरे सरांचा एकदा फोन आला. "काकू, यात शब्द नाहीत का हो?"

"नाहीत."

"बरं," म्हणाले. पाच वाजताचा तो फोन नंतर बंद झाला.

खेळ पहिल्याच्या निम्म्यानेही गेला नाही. कशामुळे, ते देवाला माहीत. तोवर बाहेरचे झगझगीत खेळही आले होते. अण्णा कधीतरी म्हणायचे, "पण कुलूप चांगलं होतं, बाई. एक नक्कल निघाली नाही." मी हो म्हणायची. चार वर्षांनी छापखाना विकला गेला. ते मशीन भंगारात गेलं, फोनचा नंबर बंद झाला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. अण्णा जाऊनही आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला जायची, उशाशी बसून पोथी वाचायची. रोज मनात यायचं की आज सांगावं. ते विचारत नव्हते.

जे मी त्यांना सांगितलं नाही, ते हे.

दहातल्या तिघांनीच खेळ विकत घेतलेला असायचा, हे खरं. पण पार्सलं मीच बांधत होते. उरलेल्या सातांतल्या चौघांची नावं महिन्या-दोन महिन्यांत पार्सलावर यायची. आवाज ओळखीचे झालेले असायचे. शब्द विचारता विचारता कुणी संकोचून म्हणायचं, काकू, आता एक खरी सीडीच पाठवून द्या, मुलाच्या वाढदिवसाला हवी. रणवरे सरांच्या दहा मशीनवर नक्कल खेळलेल्या पोरांनी घरी हट्ट धरला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात फलटणला बावीस पार्सलं गेली. ती मी स्वतः बांधली. अण्णांना वाटलं, फलटणला आपली जाहिरात लागली. नकलेच्या वाटेने माणसं आमच्या दारात येत होती आणि हे कऱ्हाडात एकट्या मला ठाऊक होतं.

पण हे सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. बाई, पावती न विचारता तुम्ही शब्द सांगत होता? वर्षभर? माझा हुकूम असताना? सगळं कऱ्हाड जाणतं त्या गुळवणीबाईंना मान खाली घालून हो म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा नेम बरा होता. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि त्याला जिभेचा उपास म्हटलं. रेवतीने विचारलं तेव्हा तर नेमानेच सांगायला हवं होतं. तेव्हा मी दोरीकडे पाहिलं.

गेल्या आषाढात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मला फोन आला. एका बाईचा, फलटणहून.

"तुम्ही वाघजाईच्या गडाच्या काकू का? रणवरे सरांनी कुठून तरी तुमचा नंबर मिळवून दिला. मी त्यांच्या क्लासला होते लहानपणी."

सर बरे आहेत का, मी विचारलं. गुडघे दुखतात, बाकी बरे आहेत म्हणाली. मग कामाचं बोलली. तिच्या वडिलांनी तिला 'नदीपलीकडे' विकत आणून दिला होता. खोका, पावती, सगळं तिने जपलं होतं. वडील आता नाहीत. त्यांचा जुना कॉम्प्युटर मात्र होता. तो तिने मुलीला खेळ दाखवायला म्हणून दुरुस्त करून आणला, तर खेळ पुन्हा आकडा मागायला लागला. खोक्यावरचा फोन नंबर लागत नाही. "मी आकडा वाचते हं, काकू," ती म्हणाली आणि बारा आकडे सावकाश वाचले. मी ते खरंच लिहून घेतले. लिहून झाल्यावर त्या कागदाकडे बघत बसले.

"बाळ, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही आता."

"विकत घेतलाय हो आम्ही."

"माहीत आहे."

 ती म्हणाली, पहिला खेळ आहे याच कॉम्प्युटरवर, सरांनी दिलेला, तो चालतोय. पण त्याची पुस्तिका आमच्याकडे कधी नव्हतीच. मागे तिच्या मुलीची भुणभुण चालली होती. मी म्हटलं, दे तिला फोन, काय विचारतोय पहारेकरी?

"पान अकरा, ओळ चौथी, शब्द दुसरा," लहान आवाज आला.

"उंबरठा."

पलीकडे दरवाजा उघडल्याचा आवाज झाला. करकर असा. तो रेवतीने आमच्या छापखान्याच्याच मागच्या दाराचा घेतला होता. मुलगी ओरडली. आईने फोन परत घेतला. हसत होती, पण आवाजात खंत होती.

"नकलेचा उघडला बघा काकू, आणि विकतचा नाही. इतकं घट्ट कुलूप घातलं तरी कुणी हो त्याला?"

या खेपेला माझा तसा काही नेम नव्हता. तो नेम मी पुन्हा कधी धरलाच नाही.

"मी," म्हटलं.

 तिला ते थट्टेचं वाटलं की कळलंच नाही, देव जाणे. मी फोन कानाशी धरून थांबले. आणखी काही विचारलं तर सगळं सांगायचं ठरवून थांबले. रेवतीचं नाव, अण्णांची गणितमाला, बावीस पार्सलं, सगळं.

तेवढ्यात मुलीने आईच्या हातून फोन ओढून घेतला.

"आजी, पान सव्वीस, ओळ पहिली, शब्द पाचवा. लवकर सांगा ना."

मी डोळे मिटले.